जुनी रेड वाइन चांगलीच असते का?

वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हा समज पक्का आहे. त्यामुळे भेट आलेली बाटली कपाटात आठ-दहा वर्षे राहते, एखाद्या वाढदिवसाला उघडली जाते आणि आत आंबटसर, निर्जीव काहीतरी निघते. दोष बहुधा वाइनचा नसतो. बाजारातल्या बहुतांश रेड वाइन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच बनवलेल्या असतात.

मुरण्याची ताकद येते ती आंबटपणा, फळाचा दाटपणा आणि टॅनिन यांतून. टॅनिन म्हणजे कडक चहाने किंवा सुपारीने जिभेवर येतो तो तुरटपणा. नुसत्या नावावरून ही ताकद कळत नाही. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी लेबले झाकून चाचणी घेतली आणि बोर्दोच्या नामवंत वाइनना मागे टाकत कॅलिफोर्नियाची ‘स्टॅग्ज लीप’ १९७३ पहिली आली. बोर्दो मुरायला वेळ लागतो, खरा निकाल नंतर कळेल, असा बचाव तेव्हा झाला. बरोबर ३० वर्षांनी लंडन आणि नापामध्ये त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे! त्यातही पहिली आलेली ‘रिज माँटे बेलो’ १९७१ ही पॅरिसमध्ये पाचवी होती.

पारख कशी करायची?

बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी. टॅनिन आणि रंगद्रव्ये एकत्र येऊन गाळ बनतो, तो तळाशी बसतो. ती बिघाडाची खूण नव्हे. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला की कडेला विटकरी छटा दिसते. संपूर्ण वाइनच तपकिरी असेल, तर आशा कमी. वासात ताज्या फळाऐवजी सुकवलेले फळ, चामडे, तंबाखू, ओली माती जाणवते. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच दूषित होते, व्हिनेगरचा आला तर वाइनच गेली.

खरा निकाल मात्र तोंडात लागतो. तुरटपणा मऊ झालेला हवा, पण फळाची चव शिल्लक हवी. नुसताच चामडे-मातीचा वास आणि घोट गिळताच चव गायब, तर ती वाइन मुरलेली नाही, म्हातारी झालेली आहे. तिच्या वयाचे कौतुक करण्यात अर्थ नाही. चांगली मुरलेली वाइन घोटानंतरही बराच वेळ जिभेवर राहते. ती तासन्‌तास हवेत उघडी ठेवू नये. नाजूक सुगंध लवकर उडतो.

प्रश्न उरतो साठवणुकीचा. अशा वाइनला वर्षभर साधारण १२-१३ अंश तापमान आणि अंधार लागतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवलेली बाटली मुरत नाही, शिजते. थंड साठवणीची सोय नसेल, तर महागाची बाटलीही याच वर्षी उघडलेली बरी.