उतार कोणी वाचला?

गोल्फ म्हणजे बड्या लोकांचा खेळ, आपल्याला त्याचं काय, असं म्हणून अंगठा पुढे सरकत असेल तर जरा थांबा. ज्ञान एकाचं आणि फोटो दुसऱ्याचा, हा प्रकार तुमच्या ओळखीचा आहे. तो तिथेही चालतो, फक्त इस्त्रीच्या कपड्यांत.

आधी खेळातली गंमत. होलभोवती अगदी बारीक कापलेलं गवत असतं, ते ग्रीन. तिथून चेंडू हलकेच ढकलून सव्वाचार इंचांच्या होलमध्ये घालायचा, हे पटिंग. ग्रीन सपाट दिसतं, पण असतं उताराचं. चेंडूला वेग असतो तोवर तो उताराला फारसा जुमानत नाही. वेग मेला की खालच्या अंगाला वळतो. म्हणजे खरा खेळ होलजवळच्या शेवटच्या काही फुटांत. नवखा माणूस मात्र स्वतःच्या पायापुढची जागा न्याहाळत बसतो, वळण कमी धरतो आणि चेंडू होलच्या खालून निघून जातो. या खालच्या अंगाला गोल्फवाले ‘अमॅच्युअर साइड’ म्हणतात. वरच्या अंगाने गेलेला चेंडू निदान होलकडे घरंगळू तरी शकतो. खालून गेलेला परत चढत नाही.

हे वळण आधीच ओळखणं म्हणजे ग्रीन वाचणं. मध्यंतरी त्याची पुस्तकं निघाली होती. त्यांत ग्रीनचे मोजून काढलेले नकाशे आणि उतार दाखवणारे बाण असत. २०२२ पासून मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत ती बंद झाली. झालं ते बरंच झालं. पण त्या नियमाचा हेतू वाचा: ग्रीन वाचताना खेळाडूने आणि कॅडीने आपले डोळे आणि अंदाज यांवरच भिस्त ठेवावी. खेळाडूने आणि कॅडीने! म्हणजे वाचणारे दोघं असतात, हे नियमालाही ठाऊक आहे. चषकावर मात्र एकच नाव कोरतात.

अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलवर मास्टर्स स्पर्धा होते. तिथली ग्रीन भल्याभल्यांना चकवतात. १९८२ पर्यंत तिथे खेळाडूला क्लबचाच कॅडी घ्यावा लागे आणि हे कॅडी कृष्णवर्णीय असत. त्यांच्यातला विली ‘पॅपी’ स्टोक्स मैदान बांधलं जात असताना पोरसवदा होता. पावसाचं पाणी कुठून कुठे वाहतं, हे त्याने बघून ठेवलं होतं. पुढे चार वेगवेगळ्या खेळाडूंनी मिळून पाच वेळा मास्टर्स जिंकली, तेव्हा बॅग त्याच्या खांद्यावर होती. कार्ल जॅक्सन १९६१ मध्ये पहिल्यांदा मास्टर्सला बॅग घेऊन उतरला, तेव्हा चौदा वर्षांचा होता. बेन क्रेनशॉच्या १९८४ आणि १९९५ च्या दोन्ही विजयांत तोच सोबत होता. फझी झोलर १९७९ मध्ये पहिल्यांदाच मास्टर्स खेळला आणि जिंकला, तो जराया बिअर्डच्या डोळ्यांवर. क्रेनशॉ आणि झोलर यांनी हे जाहीरपणे मान्य केलं, हेही सांगायला हवं. क्लबचं काय? १९८३ पासून खेळाडूंना आपापले कॅडी आणायची मुभा दिली आणि पिढ्यांची जाणकारी एका हंगामात बाजूला पडली. क्लबने पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला १९९० मध्ये. ग्रीन वाचायला चालत होते, सभासद व्हायला नाही.

आता ‘एमपॉइंट’ नावाची पद्धत गाजते आहे. दोन पाय फाकवून उभं राहायचं, तळव्यांना उतार किती जाणवतो ते ठरवायचं आणि डोळ्यांसमोर तितकी बोटं धरून नेम घ्यायचा. पद्धत चांगली आहे, माझी तक्रार नाही. लुकस ग्लोव्हरने २०२५ मध्ये तिच्यावर बंदीच मागितली होती, तितकं काही मला पटत नाही. पण पायाने जमीन वाचणं हा जणू नवा शोध आहे, अशा थाटात ती विकली जाते, तेव्हा हसू येतं.

आमच्याकडच्या एका क्लबवर मी मित्राबरोबर गेलो होतो. बॅग उचलायला पन्नाशीतले एक काका. ग्रीनवर पोचण्याआधीच ते चढणीवरून सगळं बघत होते. मी विचारलं, “काका, कसं कळतं?” म्हणाले, “पाणी टाकलं तर कुठं जाईल ते बघायचं. आणि होलाच्या मागं एक चक्कर मारायची, पाय सांगतात.” मित्राचा चेंडू होलमध्ये गेला की मित्र मूठ आवळायचा. चुकला की, “काय लाइन दिलीत हो!” काका गप्प.

‘पण त्यांना पैसे मिळतात ना?’ मिळतात. व्यावसायिक दौऱ्यावर बक्षिसातला वाटाही मिळतो. पण पगार दिला म्हणून डोकं आपलं होत नाही. एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर होते. त्या पोराने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. गवत राखणाऱ्याच्या घरात ग्रीनची समज असते, याचा आणखी काय पुरावा हवा?

माझी मागणी साधी आहे. क्लबच्या भिंतीवर विजेत्यांची पाटी असते ना, सोनेरी अक्षरांची? तिथे नावापुढे कंसात कॅडीचं नाव लिहा. जागा भरपूर असते, मी पाहिली आहे. आणि ग्रीन वाचायला शिकायचं असेल तर ॲप नंतर उघडा. आधी काकांच्या मागून होलाभोवती एक चक्कर मारा, आणि चेंडू चुकला तर तोंड बंद ठेवा.