टेबल मांडलं, पण यजमानीण कुठे?

मैत्रिणींनो, घरच्या घरी साहेबी थाटाची पार्टी कशी करावी, असं तुमच्यापैकी पुष्कळजणी विचारतात. आम्ही शेंद्र्याला राहतो. इथे 2001 साली स्कोडाचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, पुढे वसाहत वाढत गेली, त्यामुळे परदेशी पाहुणा घरी येणं ही आता नवलाई राहिलेली नाही. तरी पहिल्या वेळी माझी फजिती झाली, ती आधी सांगते.

'ह्यां'च्या कंपनीतले परदेशी साहेब आणि त्यांच्या पत्नी जेवायला यायच्या होत्या. मी हौसेनं टेबल सजवलं. मधोमध हिमरूची पट्टी, फुलं, मेणबत्त्या. (पंखा लावल्याबरोबर त्या विझल्या! आता मी त्या काचेच्या उंच पेल्यांत ठेवते.) सूप वाढलं नि मी आपली पुऱ्या तळायला आत. दहा मिनिटांनी डोकावते तो काय, मंडळी हात मांडीवर ठेवून बसलेली, आणि सूपवर साय धरलेली! 'हे' "घ्या, घ्या" म्हणत होते आणि बाई हसून माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होत्या. त्यांच्या रीतीप्रमाणे यजमानीण चमचा उचलते, मग बाकीचे. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण माझ्यावाचून कुणाचं जेवण अडलं ते त्याच दिवशी. पंगत उठल्यावर गार पोळी खायची इतकी सवय, की मला क्षणभर काय करावं तेच सुचेना. हात पुसले आणि बसले. पुऱ्या राहिल्या त्या राहिल्या.

दुसऱ्या वेळी ठरवलं, ऐन वेळी काहीही तळायचं नाही. सूप सकाळीच करून गाळून ठेवलं. सहा माणसांना पाऊण किलो भाज्या पुरतात. फरसबी, गाजर, फ्लॉवर, मटार अर्धवट वाफवून घ्यावेत. चार मोठे चमचे लोण्यावर तितकाच मैदा मंद आचेवर परतावा, रंग बदलू देऊ नये. त्यात अर्धा लिटर कोमट दूध थोडं थोडं घालीत ढवळावं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मीठ, मिरपूड घालून भाज्या मिसळाव्या, वरून चीज किसावं. पाहुणे आले की तापलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. तोवर तुम्ही बाहेर बसून गप्पा मारा! सोबत पाव. गोडाला कस्टर्ड, आणि हंगाम असेल तर त्यात दौलताबादच्या सीताफळांचा गर. गर मात्र कस्टर्ड पूर्ण गार झाल्यावरच घालावा. सीताफळ तापवलं की कडवट होतं.

मांडणीचा बाऊ करू नये. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे नि तिची धार ताटलीकडे, सूपचा चमचा सुरीच्या बाहेर, पाण्याचा पेला सुरीच्या टोकाशी. फुलं बुटकी असावीत, समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. काटा-सुरी ताटलीत शेजारी शेजारी ठेवली म्हणजे जेवण झालं, ताटली उचलावी. नवा संच विकत घेऊ नका, शेजारणीकडून मागून आणा. मी तेच केलं.

सासूबाई म्हणाल्या, "मी आत जेवते बाई, मला ते काट्यानं जमायचं नाही." मी त्यांच्या जागी नुसता चमचा ठेवला आणि त्यांना बाईंच्या शेजारी बसवलं. सगळे बसल्यावर माझ्याकडे पाहू लागले. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही सुरू करा." "सगळ्यांच्या आधी मी?" त्या कुजबुजल्या. पदर सारखा केला, आणि चमचा उचलला. सूप या वेळी गरम होतं.

एक सांगायचं राहिलंच. ह्या थाटात भांडी फार पडतात, माणशी दोन ताटल्या, एक बाऊल आणि वर काटे-चमचे. त्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी यायचं नव्हतं. म्हणून दोन बादल्या आधीच भरून बाजूला ठेवल्या होत्या, आणि लोण्याच्या ताटल्या आधी जुन्या वर्तमानपत्रानं पुसून घेतल्या. पुसायला 'हे' होते.