लष्करी अंमल व प्रजेची वाट

“एकदां लष्करी अंमल आला म्हणजे सर्व सुतासारखे सरळ होतील,” हें वाक्य भोरच्या बाजारांत व वेल्ह्याच्या मोटारथांब्यावर आमच्या कानीं वारंवार येतें. वडिलांचें ऐकून आमचे विद्यार्थीहि तें बोलूं लागले आहेत. म्हणून त्याचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

असा अंमल कसा असतो हें पाहण्यास दूरदेशीं जावयास नको. सन १९३० च्या मे महिन्यांत, महात्मा गांधींच्या अटकेनंतर, सोलापुरांत गोळीबार झाला. जमाव खवळला, पोलीस मारले गेले व कोर्ट जाळण्यांत आलें. हीं कृत्यें निंद्यच होतीं. परंतु सरकारनें योजिलेला उपाय अपराध्यांपुरता राहिला नाहीं. १२ मेपासून ३० जूनपर्यंत सारें शहर लष्कराच्या हातीं होतें. रात्रीं घराबाहेर पडण्यास मनाई झाली, राष्ट्रीय निशाण लावणें गुन्हा ठरला, डोक्यावरची गांधी टोपीहि संशयास पात्र झाली. ज्यानें दगडहि उचलला नव्हता अशा गिरणीकामगारासहि भीत भीत चालावें लागलें. पुढें मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे ह्या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आलें. शहर शांत झालें खरें. पण लोकांनीं त्या चौघांस हुतात्मे मानिलें. धाकानें तोंडें बंद होतात, मनें वळत नाहींत.

ह्यांत सैनिकांचा अनादर नाहीं. ह्या मावळांतून कित्येक मुलगे सैन्यांत गेले आहेत व त्यांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु देशाचें रक्षण करणें निराळें व गांवच्या कज्जांचा निवाडा करणें निराळें. ज्यांचे राजगड व तोरणा आपल्या डोळ्यांसमोर उभे आहेत, त्या शिवाजी महाराजांनीं १६७३ सालीं चिपळूणच्या छावणींतील अधिकाऱ्यांस लिहिलें, कीं रयतेकडून कांहींहि बळानें घेऊं नये. लागेल तें बाजारांत विकत घ्यावें. सैन्य स्वतःचें असलें तरी त्यासहि नियमाचा लगाम हवा, हें त्यांनीं ओळखिलें होतें.

आज आपण भोरहून पुण्यास जातों, मुंबईस जातों; वाटेंत कोणी परवाना विचारीत नाहीं. संविधानाच्या १९ व्या कलमानें हा हक्क दिला आहे. कचेरींत खेटे पडतात, खटले वर्षानुवर्षें लांबतात, हें आम्ही जाणतों. तरी आपणांस अर्ज करितां येतो, अपील करितां येतें, मतानें कारभारी बदलतां येतो. बंदुकीच्या हुकुमावर अपील कोठें करावें?

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं तें वाक्य पुन्हां घरांत निघालें म्हणजे मुलांसमोर हाच प्रश्न विचारावा, व त्यांस स्वतः उत्तर शोधूं द्यावें.