चिरेखाणीत कचरा नको



कचऱ्याचा विषय निघाला की बांद्याच्या पंचक्रोशीत एक तोडगा हमखास ऐकू येतो: बंद पडलेली चिरेखाण बघा, त्यात कचरा ओता, वर माती लोटा. खड्डा आयता, खर्च नाही.

खर्च आहे, तो विहिरीत दिसेल. चिऱ्याचा जांभा दगड सच्छिद्र. ताजा चिरा हातात घेतला तरी त्याची भोकं दिसतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात सडकी भाजी, मासळीची घाण आणि टाकलेले सेल यांतून उतरणारं काळं पाणी अशा खाणीत थांबत नाही. शास्त्रशुद्ध भरावाला तळाशी चिकणमाती आणि जाड प्लास्टिकचं अस्तर, पाणी गोळा करणाऱ्या नळ्या आणि शुद्धीकरणाची सोय लागते. एवढं सगळं केल्यावर खड्डा स्वस्त कुठला?

धोका फक्त पाण्याला नाही, आगीचाही आहे. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि परिसरातल्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मडगावचा सोनसोडा कचरा डेपो मे २०१९ मध्ये पेटला. दोन्हीकडे ओला-सुका एकत्र टाकला गेला. ओलं आत कुजून मिथेन तयार होतो, सुकं त्याला जळण पुरवतं.

याउलट वेंगुर्ले. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या डंपिंग ग्राऊंडचं पर्यटनस्थळ झालं. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. पाया एकच: घरातूनच वेगळा करून दिलेला कचरा.

‘ती नगरपरिषद, आमची ग्रामपंचायत’ हा आक्षेप खोटा नाही. कर्मचारी आणि करवसुली यांत फरक आहेच. पण म्हणूनच शेजारच्या तीन-चार ग्रामपंचायतींनी मिळून वर्गीकरणाची एक शेड उभारावी, तीही तेरेखोल नदीच्या पूररेषेच्या वर. ऑगस्ट २०१९ मध्ये बांद्याच्या बाजारपेठेत पाणी कुठवर चढलं होतं, हे व्यापाऱ्यांना विचारावं. ओलं माडाच्या आळ्यात जिरवायला बहुतेक घरांना जागा आहे. अडचण बाजारपेठेची, हॉटेलांची आणि डायपरची. डायपरवर सोपा उपाय अजून कुणाकडेच नाही, पण तेवढ्यासाठी अख्खी खाण भरायची गरज नाही.

तरीही चिरेखाणीचा ठराव ग्रामसभेत आलाच, तर त्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा लेखी अभिप्राय वाचून दाखवावा आणि खालच्या अंगाला कोणकोणत्या विहिरी येतात, याची यादी त्याला जोडावी.

— एक वाचक, बांदा (ता. सावंतवाडी)