नेवाशाचा मतदार चिन्हाला बांधलेला नाही

मा. संपादक,

‘मोठ्या पक्षाचे तिकीट म्हणजे नेवाशाची आमदारकी’ हे आपल्या लेखकाचे गणित चुकले आहे. शंकरराव गडाख २००९ला राष्ट्रवादीकडून जिंकले आणि २०१४ला त्याच पक्षाकडून भाजपच्या बाळासाहेब मुरकुटेंपुढे हरले. २०१९ला घरच्या क्रांतिकारी शेतकरी पक्षाकडून निवडून येऊन मंत्री झाले. २०२४ला ठाकरेंच्या शिवसेनेची ‘मशाल’ हाती असूनही पडले. तेव्हा जिंकलेले विठ्ठलराव लंघे जिल्हा परिषदेचे माजी अध्यक्ष. मग ‘झेडपीवाले विधानसभेत चालत नाहीत’ हे लेखातले विधान कशावरून? आणि लेखातल्या शाळाखोल्यांच्या दुरुस्तीचा जाब आमदाराला नव्हे, जिल्हा परिषदेला विचारायचा, तिथे तर मार्च २०२२मध्ये सदस्यांची मुदत संपून प्रशासक आला. पुढच्या लेखाआधी एवढे तपासावे.

– एक मतदार, शनिशिंगणापूर (ता. नेवासा)