दिसत नाही म्हणून दुखत नाही काय?

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की आम्ही वस्तीतल्या विहारात रक्तदाब आणि साखर तपासतो. मागच्या खेपेला दोन माणसे एकाच बाकावर शेजारी बसली होती. एक महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले हवालदार, वय 44. दुसरी 24 वर्षांची मुलगी, दोन वर्षे शिक्षण सुटून पुन्हा बी.ए.ला बसलेली. दोघांचेही हातपाय शाबूत, चालणे नीट. आमच्यातल्याच एकाने विचारले, "तुम्हाला काय झाले आहे?"

हवालदारांनी तो प्रश्न दोनदा विचारायला लावला, तेव्हा आमच्या लक्षात आले. 22 वर्षांच्या नोकरीतला बराच काळ मोर्टारजवळ गेला. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा अर्धा. निवृत्तीनंतर एका कार्यालयाच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून लागले. साहेबांनी हाक मारली तरी हे वळेनात, तेव्हा "मग्रूर आहे" असा शेरा बसला आणि तिसऱ्या महिन्यात नोकरी गेली. कान गेल्याचे त्यांनी कोणाला सांगितलेच नव्हते. सैन्यातून सुटताना वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते, तिथेही "काही त्रास नाही" म्हणाले. घरी जायची घाई होती.

मुलीला सिकलसेल आहे, एसएस. थंडी लागली, पाणी कमी पडले, ताप आला की हाडांत कळा सुरू होतात. हजेरी त्यामुळे कमी भरली. परीक्षेला पाण्याची बाटली बाकावर ठेवू दिली नाही. महाविद्यालयात म्हणाले, "चांगली तर दिसतेस!" आम्हीही काही वेगळे नव्हतो. मागच्या वर्षी याच विहारात आम्ही तिला सल्ला दिला होता, आराम कर, शिक्षण काय पळून जाते? तो सल्ला चुकीचा होता.

कुबडी, पांढरी काठी, चाकाची खुर्ची. एवढेच अपंगत्व आपल्या डोळ्यांना कळते. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने ते 21 केले. त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. मानसिक आजार आणि कमी ऐकू येणे तर आधीपासूनच होते. कायद्याची नजर आपल्यापेक्षा पुढे गेली, असे म्हणता येईल.

पण पूर्ण पुढे गेली नाही, आणि आमचे भांडण तिथे आहे. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत 5 टक्के जागा राखीव आहेत, प्रवेशाच्या वयातही 5 वर्षांची सूट आहे. सिकलसेलग्रस्तांनाही ती लागू होते. सरकारी नोकरीतले 4 टक्के मात्र कसे वाटले आहेत ते वाचा. अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि त्यासोबतचे काही प्रकार, मग स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता व मानसिक आजार, शेवटी बहुविकलांग. रक्ताचे आजार त्यात कुठेच नाहीत. म्हणजे या मुलीला राखीव जागेवर शिकता येईल, पदवी घेता येईल, आणि नोकरीच्या अर्जात तिचे अपंगत्व नाहीसे होईल!

हा आजार कोणाच्या घरात आहे, हेही पाहा. विदर्भात तो मुख्यतः आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींत आढळतो. 2023 मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले, तपासण्या वाढल्या, ते चांगलेच झाले. पण आज जे तरुण हा आजार घेऊन जगत आहेत, त्यांच्या पोटापाण्याचे काय? असे कर्मचारी सारखे रजेवर जातील, असा आक्षेप घेतला जातो. हायड्रॉक्सीयुरियाच्या नियमित गोळ्यांनी कळांचे झटके पुष्कळांचे कमी होतात. बसून करायची, रात्रपाळी नसलेली कामे प्रत्येक खात्यात आहेत. आम्हाला हा आक्षेप आजाराविषयी कमी आणि सोय करण्याच्या कंटाळ्याविषयी जास्त वाटतो.

कंटाळा म्हणतो, कारण सोयी फार लहान असतात. मुलीला हवी होती एक पाण्याची बाटली, मध्ये लघवीला जायची मुभा आणि दवाखान्याच्या कागदावर हजेरीची सवलत. हवालदारांना दारावरून उठवून कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसवले असते आणि सूचना लिहून दिल्या असत्या, तर त्यांच्याइतका सावध माणूस शोधून सापडला नसता. खासगी आस्थापनांनाही या कायद्याने समान संधी धोरण जाहीर करायला लावले आहे. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर साधारणपणे कामावरून काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. लिहिण्यात अडचण असलेल्या दिव्यांग परीक्षार्थीला तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळतात. हे मागावे लागते, आणि मागायला आधी सांगावे लागते.

सांगण्याशीच तर गाडी अडते. मुलीच्या आईने तपासणीचा कागद पेटीत तळाशी ठेवला होता; लग्न जमणार नाही म्हणून. कागद पेटीत असला की प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर सवलत नाही. (लग्नाआधी दोघांचीही तपासणी व्हावी, हे आम्ही या पानावर पुन्हा पुन्हा लिहीत आलो आहोत, लपवून जमवलेल्या लग्नाची किंमत पुढे लेकरू मोजते.) हवालदारांनी कान लपवला, कारण जवानाने तक्रार करायची नसते. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता, याचा आपल्याला अभिमान आहे. पण निवृत्त जवानाला आपण महापरिनिर्वाण दिनाच्या मानवंदनेपुरते बोलावतो, एरवी त्याला ऐकू येते का, झोप लागते का, हे विचारत नाही.

आपली अभ्यासिकाही पाहा. ती वरच्या मजल्यावर, जिना उभा, पिण्याचे पाणी खाली. सांधे दुखणाऱ्या मुलीने तिथे स्पर्धा परीक्षा कशी द्यायची? त्या रविवारी एक टेबल आणि पाण्याचा माठ खालच्या खोलीत आणला. कार्यकारिणीतल्या काहींना ते रुचले नाही, शिस्त बिघडते म्हणाले.

हवालदारांची ऑडिओमेट्री झाली, श्रवणयंत्रासाठी ते ईसीएचएसच्या दवाखान्यात जाऊन आले, यूडीआयडीचा अर्ज भरला. किमान 15 वर्षे सेवा केलेल्या दहावी उत्तीर्ण माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधील माजी सैनिकांसाठी राखीव, तांत्रिक नसलेल्या पदांना पदवीधराप्रमाणे अर्ज करता येतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. मुलीने सवलतीचा अर्ज दोन प्रतींत दिला. पोच म्हणून तिच्या प्रतीवर महाविद्यालयाचा आवक शिक्का आहे. उत्तर अजून आलेले नाही.