शिक्का घ्यावा का?

आमच्या वहिनी घरगुती हळद-तिखट विकतात. परवा भिशीचे पैसे हाती आले तसे म्हणाल्या, "भावजी, ॲगमार्क घेऊ का हो?"

अन्नसुरक्षेची नोंदणी २००६ च्या कायद्याने सक्तीचीच. ती त्यांनी केव्हाच केली आहे. ॲगमार्क मात्र १९३७ च्या कायद्याचा आणि हळद-तिखटाला ऐच्छिक. तिथे प्रतवारी आली, प्रत्येक खेपेचा नमुना तपासणे आले, प्रयोगशाळेची सोय आली, नोंदवह्या आल्या. पाच किलो विका की पाचशे, हा खटाटोप चुकत नाही. (नोंदवह्या अर्थात माझ्याच गळ्यात!) गल्लीतले गिऱ्हाईक वहिनींना ओळखते, त्याला शिक्क्याचे काय? परगावच्या दुकानदाराला मात्र शिक्काच दिसतो. मी म्हटले, बाहेरगावची मागणी निम्म्यावर गेली की अर्ज करू. तोवर भिशीतून चक्कीची जाळी बदला.